देवळीतून मागितलेली भिंत

आमच्या घरात खिळा ठोकता येत नाही. लग्न होऊन आले तेव्हा माहेरचा आरसा लावायला मी हौसेनं हातोडी घेतली आणि पुडीतला एकूण एक खिळा वाकवून बसले. भिंत काळ्या दगडाची. ठिणगी पडते, खिळा शिरत नाही. आमचे हे दारात उभे राहून हसत होते. मग त्यांनी दाखवलं, की भिंत बांधतानाच दगडांच्या मधे सागाच्या खुंट्या बसवलेल्या आहेत, जे काय टांगायचं ते त्यांनाच. म्हणजे पिशवी कुठं, टोपी कुठं, बैलाचा दोर कुठं, हे बांधणाऱ्यानं ठरवलं, तो मरून गेला, आणि आता त्याच्या पणतसुनेनं आपला आरसा कुठं लावायचा हेही तोच ठरवणार! माझा आरसा शेवटी अशा उंचीवर लागला की त्यात मला माझं कपाळ तेवढं दिसायचं. कुंकू लावायला पुरे, म्हणाले हे.

गाव कळंब तालुक्यातलं. घर गावाच्या वरच्या अंगाला, नाल्याजवळ, आणि दगड त्याच नाल्यातला. भिंती अडीच हात जाड, आतून मातीचा गिलावा, बाहेरून दरजा चुन्यानं भरलेल्या. वर सागाच्या मयाली, म्हणजे तुळया, आणि त्यांवर कौलं, आम्ही कवेलू म्हणतो. खिडक्या लहान, पण भिंतीच्या जाडीमुळं एकेका खिडकीत माणूस मांडी घालून बसतो. माझ्या लेकानं दहावीचा सगळा अभ्यास खिडकीत बसून केला. मे महिन्यात बाहेर ऊन माणसाला भाजून काढतं, तेव्हा आमच्या मधल्या खोलीत दुपारी अंगावर चादर लागते. हे सगळं खरं आहे, पण पाव्हण्यांना मी ते सांगायचे ते लाज झाकायला. कारण आत अंधार, जमीन सारवलेली, मयालीवरून पाल टपकते, पावसाळ्यात एखादा इंचू निघतो. आणि गावात आता ज्याच्या त्याच्या घराला स्लॅब, आत टाइल्स, पुढे चकचकीत रेलिंग. यवतमाळला राहणारी माझी जाऊ आली की म्हणते, काय बाई, किल्ल्यात राह्यता तुम्ही, तोफ कुठं ठेवली? सगळे हसतात. मीही हसते, आणि आत जाऊन भांडी आपटते.

या घराची एक गंमत आहे. दिसतं एक, पण आहेत दोन. आमच्या ह्यांचे पणजोबा आणि शेजारच्या चाचांचे आजोबा मिळून कापसाच्या गाड्या हाकायचे. घरं बांधायची वेळ आली तेव्हा दोघांनी दगड एकत्र आणला, चुना एकाच घाणीत मळला आणि दोन घरांच्या मधे भिंत एकच घातली. आमच्या मयालींची टोकं त्या भिंतीत इकडून, त्यांच्या मयालींची तिकडून. भिंतीत मधूनमधून लांब दगड आहेत, ते इकडून तिकडे आरपार जातात. त्यांचं एक तोंड आमच्या सैपाकखोलीत, दुसरं चाचीच्या. एका भिंतीला एक घर हिंदूचं, एक मुसलमानाचं, असं बाहेरचा कोणी आला की मोठ्या कौतुकानं म्हणतो. आम्हाला त्याचं कौतुक करायला सवड झाली नाही. त्यांच्या कोंबड्या आमच्या वाळत घातलेल्या डाळीत, आमच्या म्हशीचं पाणी त्यांच्या अंगणात, यातच पिढ्या गेल्या.

त्या भिंतीत, सैपाकखोलीच्या अंगाला, एक देवळी आहे. देवळी म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा, पण आमची आरपार आहे. गावात वीज नव्हती तेव्हा ज्या घरची बाई आधी दिवा लावी ती तो देवळीत ठेवी, आणि एका दिव्यात दोन चुली दिसत. आता दिव्याची गरज नाही, तरी देवळी चालू आहे. तिची उंची कमरेएवढी. मी लाटण्यानं दगडावर ठोकते, चाची वाटीनं ठोकते. तोंड पाहायचं तर वाकावं लागतं, आणि गुडघे आता दोघींचेही गेले. म्हणून दिसतात ते हात. चाचीचं तोंड मी जितकं पाहिलं असेल त्याहून जास्त तिचा हात पाहिलाय. आधी मेंदीची नखं आणि हिरव्या बांगड्या, चाचा गेल्यावर नुसता हात.

आणि देवळीचा एक कायदा आहे. तो कोणी केला ठाऊक नाही, मला सासूनं आल्या आल्या सांगितला. देवळीतून मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायचं नाही. मीठ, विस्तव, विरजण, तापातल्या लेकरासाठी गोळी. घरात असलं की द्यायचं आणि परत केव्हा देता असं विचारायचं नाही. ज्या गोष्टीला समोरचा नाही म्हणू शकतो, म्हणजे बैलजोडी, वावरातून जायची वाट, लग्नासाठी अंगण, ती मागायला बाहेरून वळसा घालून समोरच्या दारानं जायचं. ओसरीवर बसायचं, चहा घ्यायचा, मग विषय काढायचा. म्हणजे समोरच्याला आपल्या तोंडाकडे पाहून, विचार करून, नाही म्हणायला जागा राहते. आमच्या दोन घरांबाहेर हा कायदा कोणाला माहीत नाही, आणि दोन घरांत तो कोणी मोडला नव्हता.

यंदा लेकाचं लग्न जमलं. त्याचं त्यानंच जमवलं, पुण्यात दोघं एकाच ऑफिसात. मुलगी गोड, घरचे नागपूरचे, शिकलेले, बोलायला मऊ. कळंबला चिंतामणीचं दर्शन करून ते आमच्याकडे घर पाहायला येणार होते. मी दिवसचे दिवस घर घासलं. आले, बसले, जेवले. होणाऱ्या विहीणबाई मधल्या खोलीत बसून, किती गार आहे हो, एसी नको न काही नको, असं म्हणत होत्या. मला जरा बरं वाटायला लागलं होतं. तेवढ्यात त्यांनी हळूच माझ्या कानाशी येऊन बाथरूम कुठं आहे ते विचारलं.

आमचं सगळं मागे, गुरांच्या वाडग्याच्या पलीकडे. मधे म्हैस बांधलेली. मी पुढे, त्या मागे, साडी दोन्ही हातांनी वर धरून. आणि म्हशीनं मेलीनं नेमकी तीच वेळ साधली. विहीणबाई बाजूला सरकल्या त्या थेट शेणाच्या डबक्यात, एक चप्पल तिथंच रुतली, साडीचा काठ घोट्यापर्यंत हिरवा. त्या आपल्या, काही नाही हो, काही नाही, म्हणत होत्या आणि मी खाली बसून माझ्या पदरानं त्यांचा पाय पुसत होते. जमीन फाटून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. निघताना त्यांनी मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. म्हणजे माझी शरम त्यांनाही दिसली होती, आणि त्या मला समजावत होत्या. ते तर मला जास्तच लागलं.

त्या दिवसापासून मला त्या घरात दगड दिसेनात, लाजच दिसायला लागली. लेक फोनवर म्हणाला, आई, एक अटॅच बाथरूम करून घेऊ, बाकी काही नको, ती राहायला येईल तेव्हा तिला रात्री-बेरात्री म्हशीजवळून जायला नको. म्हटलं, आत्ताच करू. तालुक्याहून ठेकेदार बोलावला. त्यानं सैपाकखोलीत येऊन मधल्या भिंतीवर थापा मारल्या आणि हसला. म्हणाला, एवढी जाड भित कायले पाह्यजे? आपल्या आंगची अर्धी काढून टाकू, तिथं विटांची बारीक भिंत घालू, तुमच्या मयाली लोखंडी खांबावर घेऊ, निघालेली जागा आणि खोलीचा हा कोपरा मिळून मस्त बाथरूम होते. शेजारच्याइच्या हिश्श्याले हात नाही लावत.

ऐकायला किती सोपं होतं. जिच्यातून दगड आरपार गेलेत त्या भिंतीत आमचा हिस्सा कुठं संपतो आणि त्यांचा कुठं सुरू होतो, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. अर्धी भिंत नावाची वस्तूच तिथं नव्हती. आम्हाला पाहिजे होती म्हणून ती आम्हाला दिसली. आणि देवळी नेमकी त्याच कोपऱ्यात होती. तिचं काय होणार, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

चाचीला विचारायला तर पाहिजे होतं. हे म्हणाले, तूच इचार, तुमचं बायाबायाइचं बरं जमते. अवघड असलं की आमच्या घरात ते बायाबायांचं होतं, हे मला काही नवीन नव्हतं. मी मनाशी ठरवलं, की उद्या जाऊ. उद्याचं परवा झालं. चाचीच्या ओसरीवर बसायचं, ती चहा करणार, बशी पुढे करणार, आणि मग मी तिच्या डोळ्यांकडे बघून भिंत मागायची, हे माझ्यानं होईना. तिकडे ठेकेदाराचे फोनावर फोन. एका सकाळी भाकरी करत होते. तव्यावर भाकर, हातात पीठ. एकाएकी उठले, लाटणं घेतलं आणि देवळीच्या दगडावर ठोकलं.

चाचीचा हात आला, वाटीसाठी पुढे केलेला. तिला वाटलं असेल, मीठ नाहीतर विरजण. मी एका दमात बोलून टाकलं.

“चाची, पोराच्या लग्नासाठी आतच बाथरूम करून राह्यलो. आमच्या आंगची अर्धी भित काढून घेऊ का?”

हात तसाच राहिला. मग तो उलटा झाला आणि देवळीच्या दगडावर टेकला, थकलेलं माणूस बसतं तसा. मी त्या हाताकडे पाहत होते. तव्यावरची भाकर करपल्याचा वास यायला लागला.

“घे ना बाई,” चाची म्हणाली. “त्यात इचारतं काय.”

मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. करपलेली भाकर म्हशीला टाकली आणि ह्यांना ओरडून सांगितलं, हो म्हणाली चाची, काही अडचण नाही. भाकर तव्यावर होती म्हणून वळसा घालून जाता आलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वा रे वा! जशी काही गावातली ती शेवटची भाकर होती.

काम सुरू झालं. मातीचा गिलावा ढपल्या-ढपल्यांनी पडला आणि आतून काळे दगड वर आले, एकेक पाट्याएवढा. लहान दगड निघाले. लांब दगड निघेनात. ठेकेदारानं पहार घातली, पहार वाकली. मग साखळी आणली, दगडाला वेढा घातला आणि माणसं लावून ओढायला लागला. प्रत्येक ओढीला भिंतीच्या पोटातून घरघर आवाज यायचा. काही होत नाही ताई, असं तो म्हणायचा, आणि माझ्या भांड्यांवर मयालीची धूळ झरायची. मी सैपाक ओसरीवर हलवला. देवळी अजून होती, पण तिच्यासमोर दगडांचा ढीग.

आणि तिकडून वाटी वाजेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. विरजण नको, मीठ नको, कालवण चाखून पाहा म्हणून वाटी नाही. मी ढिगावरून वाकून लाटणं ठोकलं, काही नाही. आता माझी अक्कल पाहा. मला राग आला! म्हटलं, हो तर स्वतःच म्हणाली, मग फुगून कायले बसायचं? पाहिजे नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. ह्यांच्यापाशी मी तणतणले. हे म्हणाले, जाऊन तं ये. मग ताठ मानेनं, चांगली बोलून यायच्या तयारीनं, मी दुपारच्या उन्हात वळसा घालून चाचीच्या दाराशी गेले.

दार उघडं होतं. आत कोणी नव्हतं. मधल्या भिंतीला लागून तिची सैपाकखोली आणि निजायची खोली, दोन्ही रिकाम्या. चूल विझलेली, भांडी नाहीत, पेटी नाही, खाट नाही. आणि त्या खोल्यांत ऊन पडलं होतं. वर पाहिलं तर छपराच्या त्या बाजूचे सगळे कवेलू उतरवून अंगणात रचून ठेवले होते, एकावर एक, नीट. उघड्या मयाली आणि वर आभाळ. आमच्या भिंतीतून जिथं दगड ओढला जात होता, तिथं तिच्या बाजूला गिलाव्याला खालपासून वरपर्यंत चीर गेली होती. 

चाची रस्त्यावरच्या टिनाच्या शेडमधे होती. तिचा लेक तिथं पाण्याच्या मोटारी भरतो, तांब्याच्या तारा गुंडाळत बसलेला असतो. मोटारींच्या मधे खाट टाकून ती बसली होती, डोक्यावर ओला रुमाल. टिनाखाली मे महिना. कोपऱ्यात स्टोव्हवर डाळ शिजत होती. लेकानं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली आणि तार गुंडाळत राहिला. चाचीनं मात्र खाटेवर जागा करून दिली आणि विचारलं, झालं का वं काम?

मग एकेक करून निघालं. साखळीनं मयाली हलायला लागल्या तेव्हा तिनं लेकाला कवेलू उतरवायला लावले. आपल्यावर पडतील म्हणून नव्हे. तिकडं तुमच्याकडं माणसं काम करतात, कवेलू भिंतीवरून घसरून एखाद्याच्या डोक्यात पडला तर लग्नघराला बोल लागेल, म्हणून. लेक भांडायला निघाला होता, त्याला तिनं शपथ घालून बसवलं. लग्न होईपर्यंत आम्ही इथं राहू, मग पाहू, असं ठरलं होतं. हे सगळं ती मला अशी सांगत होती, जसं काही आमच्याकडचं कार्य तिच्याकडचंच होतं. माझी ताठ मान कुठल्या कुठं गेली. तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि मी तिच्या अगदी समोर बसले होते.

“चाची, मंग तुमी नाही काहून नाही म्हनलं?” मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लहान पोराला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगावी तसं ती म्हणाली,

“तू देवळीतून मांगतलं ना बाई. दारानं आली असतीस तं नाही म्हनलं असतं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूनं सांगितलेला कायदा मला पाठ होता. देवळीतून मागितलं की समोरच्याचं तोंड बंद होतं हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच त्या सकाळी माझे पाय दाराकडे वळले नाहीत. विहीणबाईंचा शेणानं भरलेला पाय मला दिसत होता. चाचीचं घर दिसत नव्हतं, कारण मी वाकलेच नव्हते.  ती म्हणाली, डाळ खाऊन जाय. मी डाळ खाल्ली. तिखट होती, त्या निमित्तानं डोळे पुसता आले.

घरी येऊन मी ठेकेदाराला साखळी सोडायला लावली. तो म्हणाला, ताई, आता तं अर्धी झाली. मी म्हटलं, झाली तितकी पुन्हा भर. हे चिडले. आता हे काय नवीन, गावात हसं करतेस का, लेकाला काय सांगशील. लेकाला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, देवळीसकट. तो म्हणाला, आई, मला वाटलं तू दारानं गेली होतीस. माझ्या लेकाला, पुण्यात राहणाऱ्या पोराला, कायदा माहीत होता. ह्यांनाही होता. ते ऐकून ह्यांचा आवाज खाली आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी धुतलेली टोपी घातली, मी चांगलं पातळ नेसले आणि आम्ही दोघं वळसा घालून चाचीच्या दारानं गेलो. जे अर्धं पाडून झालं ते आता मागायला जायचं, हा काय शहाणपणा, असं हे वाटेत पुटपुटत होते, पण आले. चाचीला शेडमधून बोलावून आणलं. ओसरीवर बसलो. तिच्या लेकानं शेडमधून चहा करून आणला. माझा अर्धा चहा झाला आणि मी तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं, चाची, बाथरूमासाठी मधली भिंत काढू देता का? तिनं बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, आपल्या उघड्या छपराकडे पाहिलं.

“नाई,” ती म्हणाली.

हे म्हणाले, बरं. मग चाचीनं लेकाला विचारलं, चहात साखर कमी होती का रे, बाई अर्धा ठेवून राह्यली.

दगड परत बसवले. जसे होते तसे नाही बसले, कसे बसतील? माती आणि चुना आता कोणी मळत नाही, ठेकेदारानं सिमेंट भरलं. काळ्या भिंतीत तो तुकडा दाढ भरल्यासारखा दिसतो. पहिल्याच पावसात तिथं ओल धरली, बाकीची भिंत कोरडी. लांब दगड मात्र जागचे हलले नव्हते, त्यांच्यामुळंच चाचीची बाजू उभी राहिली. कवेलू ह्यांनी आणि चाचीच्या लेकानं मिळून चढवले. सुरुवातीला दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, नुसते कवेलू हातात देत होते. तिच्या गिलाव्यातली चीर मी स्वतः मातीनं लिंपली, पण हात लावला की ती अजून कळते.

बाथरूम शेवटी समोर झालं, ओसरीच्या एका टोकाला, गुलाबी प्लास्टिकच्या दाराचं. येणाऱ्याला घर दिसायच्या आधी तेच दिसतं. जाऊ म्हणाली, आता किल्ल्याला दरवाजा झाला. लग्न झालं. विहीणबाई गुलाबी दाराकडे पाहून समजुतीनं हसल्या. सून आली की खिडकीत मांडी घालून तासन्‌तास फोनवर बोलते, आणि माझ्या आरशात तिचंही कपाळच दिसतं. तिला त्या घराची लाज वाटत नाही. मलाही आता घराची वाटत नाही. ती लाज दुसरीकडे सरकली आहे.

कारण देवळीपाशी माझा हात उचलेना. लाटणं घ्यायचं आणि परत ठेवायचं. चाचीची वाटी पहिल्यासारखी वाजायला लागली, ती मागायची, मी द्यायची, पण मला काही लागलं तर मी दुकानात पाठवायचे, नाहीतर त्याच्यावाचून चालवून घ्यायचे. देवळीतून मागायचा माझा हक्क गेला, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. परवा कालवण गॅसवर उकळत होतं आणि मिठाचा डबा रिकामा. दुकान बंद. मी गॅस बारीक केला, वाटी घेतली, चपला घातल्या आणि वळसा घालून चाचीच्या समोरच्या दारानं गेले.

ती ओसरीवर तूर निवडत होती. मी वाटी पुढे केली, म्हटलं, चाची, मीठ असलं तर द्याल का? तिनं वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. इतक्या वर्षांत मी चाचीला दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं. टिनाच्या शेडमधेही नाही.

“मीठ मांगाले दारानं आली?” ती म्हणाली. “म्हंजे मी नाही म्हनीन, असं वाटते तुले?”

 तिनं मान फिरवली आणि पुन्हा तूर निवडायला लागली. सूप हलवत, माझ्याकडे न पाहता म्हणाली,

“घरी जाय. अन् देवळीतून मांग.”

मी रिकामी वाटी घेऊन परत आले. सिमेंटच्या तुकड्याशेजारी उभी राहिले, लाटणं घेतलं आणि दगडावर ठोकलं. तिकडे पावलं वाजली, हात आला. मग मी कमरेवर हात ठेवून, गुडघे कुरकुरत असताना, खाली वाकले, पार देवळीत तोंड येईपर्यंत. पलीकडे चाचीही वाकून माझ्याकडेच पाहत होती. मी तिच्या तोंडाकडे पाहून मीठ मागितलं. माझं तोंड कसं झालं होतं ते तिला दिसलं असेल. दिसू दे.

“एवढ्याशा मिठासाठी कंबर मोडून घेशीन,” चाची म्हणाली, आणि तिनं वाटी भरून दिली.